गाळीव अनुभव

"नाव?"

"हेमांगी इंगोले."

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

"सकाळपासून काय काय केलंत?"

हेमांगीनं आठवून पाहिलं. साडेनऊला ती या खोलीत आली होती. दंडाला पट्टी बांधली गेली, मोसंबीचा रस मिळाला, डोक्यावर जाळीदार टोपी चढली. त्यानंतर एकदम आत्ता. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजत आले होते.

"काही आठवत नाही," ती म्हणाली.

"छान," परिचारिका म्हणाली आणि तिनं तक्त्यावर खूण केली. "दोनशे चौदावं सत्र पूर्ण. जेवण तयार आहे."

नागपूरच्या पश्चिमेला, टेकडीच्या उतारावर हे सराव केंद्र उभं होतं. इथे सॉफ्टवेअर आर्किटेक्ट तयार होत. सन २०६९ मध्ये ही गरज का पडावी, हे समजायला तीस-चाळीस वर्षं मागे जावं लागेल. त्या काळी संगणकाच्या आज्ञावल्या माणसं लिहीत. नवखा मुलगा किंवा मुलगी कंपनीत लागली की आधी बारीकसारीक दुरुस्त्या करी, मग एखादा छोटा भाग बांधी, तो कोसळला की शिव्या खाई, पुन्हा बांधी. अशी दहा-पंधरा वर्षं गेली, की त्यातल्या काहींना अख्खी प्रणाली एका नजरेत दिसू लागे. कोणता भाग कोणावर अवलंबून ठेवायचा, कुठे दोन वाटा ठेवायच्या, एक कोपरा बंद पडला तर बाकीच्यांनी काय करायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे आर्किटेक्ट. पुढे आज्ञावल्या यंत्रंच लिहू लागली आणि ती माणसांपेक्षा चांगल्या लिहीत. नवख्यांची कामं संपली. निर्णय घ्यायला मात्र माणूस लागेच, कारण एखादी प्रणाली कोसळली तर कुणाचं नुकसान आधी होऊ द्यायचं, या प्रश्नाचं उत्तर यंत्राकडून घेणं कायद्यानं मना होतं. जुने आर्किटेक्ट निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी येणाऱ्यांना चढून येण्यासाठी पायऱ्याच उरल्या नव्हत्या.

त्या पायऱ्या डॉ. कुमुद देवपुजारी यांनी पुन्हा बांधल्या, निराळ्या तऱ्हेनं.

केंद्रात दाखल झाली त्या दिवशी हेमांगीनं त्यांना सरळच विचारलं होतं, "मॅडम, जे मला आठवणारच नाही, ते मी शिकले असं कसं म्हणायचं?"

देवपुजारी बाई पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघणाऱ्या. त्यांनी विचारलं, "सायकल येते तुला?"

"येते."

"कोणत्या दिवशी तोल सावरायला शिकलीस?"

हेमांगी हसली. "नाही आठवत. पडले होते एवढं आठवतं."

"पडल्याचं आठवलं नसतं, तरी सायकल आलीच असती. मेंदूत दोन निरनिराळी कोठारं आहेत. एकात घटना जातात: काय झालं, कुठे झालं, कोण होतं. दुसऱ्यात कसब जातं. विसाव्या शतकात एका माणसाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्याचं पहिलं कोठार कायमचं बंद झालं. त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. अवघड काम, हात उलटाच जातो. रोज तो म्हणे, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. पण रोज त्याची रेघ आदल्या दिवसापेक्षा सुबक येई. हात शिकत होता, त्याला पत्ता नव्हता."

"आणि तुम्ही पहिलं कोठार मुद्दाम बंद करता?"

"चार-पाच तासांपुरतं. आमची गाळणी म्हणतात ती हीच. आत तू एक प्रणाली रचतेस. मग ती प्रणाली एका बनावट जगात चालवली जाते आणि त्या जगात तू राहतेस. तुला वाटतं वर्ष गेलं. खरं तर आम्ही फक्त मोक्याचे प्रसंग दाखवतो, मधलं तुझा मेंदूच भरून काढतो, स्वप्नात काढतो तसं. बाहेर येताना घटना गाळल्या जातात, कसब राहतं. त्याला आम्ही गाळीव अनुभव म्हणतो."

"पण घटना गाळायच्याच का? राहू द्या की."

बाई म्हणाल्या, "पहिल्या तुकडीत राहू दिल्या होत्या. अकरा जण होते. शिकण्यासाठी प्रणाली कोसळावी लागते, आणि ती कोसळली की त्या जगातली माणसं मरतात, देशोधडीला लागतात. दोनशे वेळा हे बघितल्यावर सहा जण काम सोडून गेले. एक मुलगा अजून वीज गेली की ओळखीच्या प्रत्येक घरी फोन करून विचारतो, सगळे ठीक आहेत ना? तुझ्यावर ती पाळी येऊ नये म्हणून."

हेमांगीनं संमतिपत्रावर सही केली. वाशिमच्या घरी तिचे वडील मोटार शिकवण्याची शाळा चालवत. त्यांना फोनवर तिनं हे सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे गाडी ठोकल्याचं आठवणार नाही, पण ब्रेक वेळेवर लागेल. बरंच आहे की!"

आणि तसंच होत गेलं. पहिल्या महिन्यात कोरा आराखडा समोर आला की तिला घाम फुटायचा. चौथ्या महिन्यात तिचा हात आपसूक चालू लागला. कुठला भाग वेगळा काढायचा, कुठे पर्यायी वाट ठेवायची, हे तिला वाचल्यासारखं दिसे. दोनशे चाळीस सत्रं संपली तेव्हा तिचे गुण केंद्रात सर्वांत जास्त होते. एकोणतिसाव्या वर्षी तिच्याकडे वीस वर्षांचं कसब होतं.

लगेच तिला काम मिळालं, आणि तेही मोठं. राज्यातल्या अकरा लाख वृद्धांच्या घरी एक छोटं यंत्र बसवलेलं होतं. ते रुग्णाच्या रक्तातली साखर, दाब, श्वास बघे आणि त्याप्रमाणे औषधाची मात्रा देई. मात्रा किती द्यायची, ते नागपूरच्या मध्यवर्ती केंद्रातून ठरे. ही गृहशुश्रूषा प्रणाली पंधरा वर्षांची जुनी झाली होती आणि जागोजागी ठिगळं लावून चालत होती. आठवड्याला दोन-तीन ठिकाणी तरी तिच्याकडून चुकीची मात्रा जाई. तिच्या जागी नवी प्रणाली तयार होती. ती सुरू करायच्या आधी तीन आर्किटेक्टनी सही करायची होती. पैकी एक होते योजनेचे प्रमुख वझलवार. दुसरे बशीर तांबोळी. तिसरी हेमांगी.

तांबोळी मूळचे सोलापूरचे, त्रेसष्ट वर्षांचे, जुन्या पद्धतीनं पायऱ्या चढून आलेल्यांपैकी जवळजवळ शेवटचे. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. पाचव्या दिवशी त्यांनी हेमांगीला आपल्या शेजारी बसवलं आणि आराखडा भिंतीवर लावला. भिंतभर रेषा आणि चौकोन. हेमांगी डावीकडून बघत गेली. चांगली रचना होती, नीटस. बघता बघता एका जागी तिची नजर अडली आणि पोटात एकदम पीळ पडला.

ती जागा साधीच होती. रुग्णाच्या घरचा आणि केंद्राचा संपर्क तुटला, तर घरचं यंत्र शेवटच्या मात्रेवर चालू राही. संपर्क परत आला की यंत्र केंद्राला हाक मारी आणि केंद्र पुढचे आदेश पाठवी. बस, एवढंच.

"सर, हे इथे असं नको," ती म्हणाली.

"का?"

तिनं उत्तर शोधलं. आत काहीच नव्हतं. कारण नव्हतं, उदाहरण नव्हतं. नुसता पीळ.

"माहीत नाही," ती म्हणाली.

तांबोळी हसले नाहीत. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "हे बघ बेटा. दोन हजार चौतीस साली मी धान्यवाटपाची प्रणाली बांधली. अंगठा जुळला तर धान्य, नाही जुळला तर नाही. माझा आराखडा या आराखड्यापेक्षा नीटस होता. आमच्याकडे एक म्हातारी विड्या वळायची. चाळीस वर्षं तंबाखू आणि पानं हाताळून बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या तिच्या. नऊ दिवस रोज दुकानात आली आणि रोज परत गेली. मला कळलं तेव्हा मी तिच्या घरी गेलो. मी कोण, ते सांगितलं. तिनं मला बसायला पाट दिला आणि कोरा चहा दिला. एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून फक्त हो किंवा नाही एवढंच जाणणारं दार मी कुठल्याही प्रणालीत ठेवत नाही. कुणी कितीही मोठा साहेब म्हणाला तरी नाही. साहेब समोर असतो तेव्हा मला तो पाट दिसतो."

"मला काही दिसत नाही, सर."

"तेच म्हणतोय मी. तुझ्या हातात माझ्यापेक्षा जास्त कसब आहे, हे मी चार दिवसांत ओळखलं. पण तू कशावर पाय रोवून उभी राहणार?"

मंगळवारी बैठक झाली. वझलवार स्वभावानं वाईट नव्हते. घाईत होते, आणि त्या घाईला कारणही होतं. ते म्हणाले, "इंगोले मॅडम, तपासणी यंत्रानं ही जागा तीनदा तपासली आहे. एकही दोष नाही. तुमची हरकत काय आहे, ती लिहून द्या. मी थांबतो."

"मला... ती जागा बरोबर वाटत नाही."

"बरोबर वाटत नाही, असं मी मंत्रालयात सांगू? तिकडे जुन्या प्रणालीनं या आठवड्यात दोघांना अतिदक्षता विभागात पाठवलंय. एकेक दिवस उशीर म्हणजे त्यात भर. तुम्हीच सांगा, काय करू?"

हेमांगीनं तांबोळींकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला यात दोष दिसत नाही. पण हिला दिसत असेल तर मी थांबायला तयार आहे." म्हणजे सगळं परत तिच्यावरच आलं. सगळे तिच्याकडे बघत होते. आणि मग तिला तिचाच आवाज ऐकू आला, शांत, समजूतदार. "नाही, ठीक आहे. तुम्ही म्हणता ते रास्त आहे. माझी हरकत नाही."

तिला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. माघार घेताना तिची जीभ जराही अडखळली नव्हती. शब्द आयते तयार होते, कितीतरी वेळा म्हटल्यासारखे. आणि ते म्हणताक्षणी पोटातला पीळ सुटला होता.

सही शुक्रवारी करायची होती. बुधवारी सकाळी ती टेकडीवर गेली.

"मला माझ्या सत्रांच्या नोंदी बघायच्या आहेत," ती देवपुजारी बाईंना म्हणाली.

"नोंदी संशोधनासाठी असतात. तू संमतिपत्रात तो हक्क सोडला आहेस."

"मॅडम, मी परवा अकरा लाख माणसांसाठी सही करणार आहे. मला एक जागा नको वाटते आणि का ते मला माहीत नाही. ते माहीत असलेली एकच जागा आहे, ती तुमच्याकडे आहे."

"आठवण परत येणार नाही, हेमांगी. ती पुसलेली नाही, मुळात उमटूच दिलेली नाही. तुला फक्त वाचायला मिळेल. परक्या बाईची गोष्ट वाचल्यासारखं."

"चालेल."

बाई उठल्या. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

नोंदीत सत्रातला आराखडा होता, बैठकीतलं प्रत्येक वाक्य होतं, शेवटी काय घडलं ते होतं आणि बाजूला हेमांगीच्या नाडीचा, घामाचा, पोटाच्या स्नायूंचा आलेख होता. त्यांनी नव्या प्रणालीच्या आराखड्याशी जुळणारं सत्र शोधलं. एकशे सत्त्याऐंशी. तिथेही घरोघरी यंत्रं होती, संपर्क तुटला तर थांबून परत केंद्राला हाक मारणारी. एका संध्याकाळी तीन जिल्ह्यांची वीज गेली आणि चाळीस मिनिटांनी एकदम आली. दोन लाख यंत्रांनी एकाच क्षणी हाक मारली. केंद्र त्या गर्दीखाली कोसळलं, उठलं, पुन्हा हाका, पुन्हा कोसळलं. मात्रा वेळेवर न मिळाल्यानं तीनशे बारा माणसं गेली.

"म्हणजे हेच कारण," हेमांगी म्हणाली. मग तिची नजर वर गेली, त्याच सत्रातल्या बैठकीच्या नोंदीवर. प्रणाली सुरू होण्याआधीची बैठक. आलेखात पोटाच्या स्नायूंचा एक उंच सुळका होता. त्याच्यापुढे तिचं वाक्य होतं: मला ती जागा बरोबर वाटत नाही. खाली कुणीतरी काही म्हणालं होतं. आणि त्याच्याखाली: नाही, ठीक आहे. तुम्ही म्हणता ते रास्त आहे. माझी हरकत नाही.

सुळका तिथे खाली आला होता.

"मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "असे सुळके सगळ्या सत्रांत शोधता येतील?"

दहा मिनिटांत यादी आली. एकाहत्तर वेळा तिला आधीच जाणवलं होतं आणि ती बोलली होती. पहिल्या आठपैकी सहा वेळा ती हटली नव्हती. त्यातली शेवटची वेळ अठ्ठावन्नाव्या सत्रातली. त्यानंतर त्रेसष्ट वेळा तिनं माघार घेतली होती. सुरुवातीला दहा-बारा वाक्यांच्या वादानंतर. शेवटी शेवटी एका वाक्यात.

"अठ्ठावन्न उघडा."

त्या जगात तिनं नवी प्रणाली थांबवली होती, आग्रहानं, टेबलावर हात आपटून. पण जुन्या प्रणालीवरची माणसं आधीच नव्या कामावर गेली होती. जुनीकडे बघायला कोणी उरलं नव्हतं. ती अकरा दिवसांनी बिघडली आणि एकेचाळीस माणसं गेली. त्यातल्या एकीचा भाऊ हेमांगीच्या कार्यालयात येऊन बसला होता, रोज, तीन आठवडे. शेवटी तिचं एक वाक्य नोंदलं होतं: मी थांबवलं म्हणून झालं.

देवपुजारी बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे मी असं सलग कधी वाचलंच नाही," त्या म्हणाल्या. "गुण यंत्र देतं. पुढच्या सत्रात आराखडा सुधारला का, एवढंच मोजायचं ठरलं होतं. तो सुधारतच होता."

"हात सुधारत होता. पण सराव फक्त हाताचा झाला नाही ना, मॅडम? मी त्रेसष्ट वेळा गप्प बसायचाही सराव केला. तोही गाळणीतून खाली आला. कसबच ते."

"हो," बाई म्हणाल्या. "आणि गप्प बसल्याबद्दल नंतर जे वाटायला हवं, ते..."

"ती घटना. ती तुम्ही गाळलीत."

बाहेर बागेत माळी पाणी घालत होता. मग हेमांगीनं कागद मागून घेतला आणि अठ्ठावन्न व एकशे सत्त्याऐंशी या दोन्ही सत्रांतली टिपणं काढायला सुरुवात केली. तिला रडू येत नव्हतं, याचंच तिला वाईट वाटत होतं. तीनशे बारा माणसांच्या नावांची यादी होती. ती तिनं पूर्ण वाचली. एकही नाव ओळखीचं वाटलं नाही.

शुक्रवारी वझलवारांनी सहीचा कागद पुढे सरकवला तेव्हा पोटात पीळ पडला, आणि त्याबरोबर ते आयतं वाक्यही जिभेवर आलं. नाही, ठीक आहे. तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, कारण हे ती सरावाशिवाय करत होती. "मला वीस दिवस हवेत. आणि जुन्या प्रणालीवरून हलवलेली सगळी माणसं आज दुपारपर्यंत परत तिच्यावर बसवा. ती नुसती चालू ठेवायची नाही, तिच्यावर पहारा ठेवायचा."

"कारण?"

तिनं विजेची गोष्ट सांगितली. दोन लाख हाका. वझलवार म्हणाले, "ते आम्ही पाहिलंय. हाका टप्प्याटप्प्यानं घेण्याची सोय आहे आपल्या प्रणालीत."

होतीच. हेमांगीला ती माहीत होती, पण सांगण्यासारखं दुसरं कारण तिच्याकडे नव्हतं. म्हणजे तिचं कारण इथे लागू पडत नव्हतं, आणि पीळ मात्र तसाच होता. अशा जागी ती त्रेसष्ट वेळा वाकली होती.

"तरीही नाही," ती म्हणाली. "गोदामात तीन हजार यंत्रं लावा. वीज घालवा आणि आणा. मी चुकले तर तसं लिहून द्या माझ्या नावावर."

तांबोळींनी लेखणीला टोपण लावलं. "मग माझीही सही वीस दिवसांनी," ते म्हणाले.

चाचणीला चौदा दिवस लागले. बाराव्या दिवसापर्यंत सगळं व्यवस्थित होतं आणि वझलवारांनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. तेराव्या दिवशी चाचणी करणाऱ्यांनी वीज सलग नऊ तास बंद ठेवून पाहिली. संपर्क नसताना केंद्रानं दर तीन तासांनी काढलेले मात्रेचे आदेश साठून राहिले होते. वीज आली आणि ते सगळे एकामागोमाग एक यंत्रांत पोचले. नवीन यंत्रांनी आदेशावरची वेळ वाचून जुने आदेश टाकून दिले. पण दोन हजार साठच्या आधीची यंत्रं ती वेळ वाचतच नव्हती. त्यांनी तिन्ही मात्रा दिल्या, पाच मिनिटांत. तपासणी यंत्राला दोष सापडला नव्हता, कारण प्रत्येक आदेश एकेकटा बघितला तर बरोबरच होता. तशी जुनी यंत्रं राज्यात सत्तर हजार घरांत होती.

जागा तीच होती, रोग वेगळा होता. ज्या कारणासाठी ती भांडली, ते कारण चूक निघालं होतं.

"असंच असतं," तांबोळी म्हणाले. "मलाही निम्म्या वेळा चुकीचं कारण सापडलंय. पण उभं राहिल्याशिवाय खरं कारण सापडायला वेळ मिळत नाही."

नवी प्रणाली दुरुस्त होऊन सव्विसाव्या दिवशी सुरू झाली. मधल्या काळात जुनीवर पहारा होता, तरी पुसदला एका आजोबांना तिच्याकडून दुप्पट मात्रा गेली आणि ते वारले. वेळेवर नवी प्रणाली आली असती तर ते वाचले असते, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. वझलवार हेमांगीला एवढंच म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला दोष देत नाही." ती पुसदला गेली. दोन खोल्यांचं घर होतं. आजोबांच्या सुनेनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही थांबवलं नसतं तर बाबा असते?" हेमांगी म्हणाली, "हो." सून उठून आत गेली आणि परत बाहेर आली नाही. हेमांगी तासभर ओट्यावर बसून होती. समोरच्या भिंतीचा रंग, दाराशी उलट्या पडलेल्या चपला, आतून येणारा कुकरच्या शिट्टीचा आवाज, यातलं काहीही आता गाळलं जाणार नव्हतं. तिनं ते तसंच घेतलं आणि ती परत आली.

दुसऱ्या दिवशी देवपुजारी बाईंनी तिला बोलावून घेतलं. केंद्रातली सत्रं त्यांनी बंद केली होती. महिनाभरात त्या बऱ्याच थकलेल्या दिसत होत्या. समोर एक यादी होती.

"सहाशे चाळीस जण," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून शिकून गेलेले. सगळ्यांच्या नोंदी मी तपासल्या. तुझ्यासारखी वळणाची जागा जवळजवळ प्रत्येकाला आहे. कुणाला तिसाव्या सत्रात, कुणाला नव्वदाव्या. त्यानंतर सगळे माघार घ्यायला शिकलेत. तू नोंदी मागितल्यास. बाकी कुणी मागितल्या नाहीत."

"ते सगळे आत्ता कुठे आहेत?"

बाईंनी यादी तिच्याकडे सरकवली. नावापुढे काम लिहिलेलं होतं. विमानतळ. वीजवाहिन्या. रक्तपेढ्यांचं जाळं. रेल्वेचे सिग्नल. शहरांचं पिण्याचं पाणी.

"मला त्यांना सांगायचंय," बाई म्हणाल्या, "पण कसं सांगायचं ते कळत नाही. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, त्यांचं शिक्षण वाया गेलं असं मी म्हणतेय. तू त्यांच्यातली आहेस."

हेमांगीनं पहिलाच नंबर लावला. निरुपमा गावडे, वय एकतीस, एका मोठ्या धरणाच्या स्वयंचलित दारांची प्रणाली. पडद्यावर एक हसरा, तरतरीत चेहरा आला. मागे खिडकीतून धरणाची भिंत दिसत होती. हेमांगीनं आपली ओळख करून दिली. एकाच केंद्रातल्या म्हटल्यावर निरुपमा मोकळेपणानं बोलू लागली. काम मस्त चाललंय, म्हणाली. सहा महिन्यांत चार मोठे बदल केले, सगळे वेळेवर. वरिष्ठ खूश आहेत.

"एक विचारू?" हेमांगी म्हणाली. "एखादा आराखडा बघताना कधी पोटात पीळ पडतो? हे असं नको, असं वाटतं?"

"वाटतं ना! हमखास वाटतं," निरुपमा म्हणाली. "सुरुवातीला मी घाबरायचे. आता सवय झाली. फार वेळ राहत नाही तो."

"मग कसा जातो?"

निरुपमा हसली. इतकी साधी गोष्ट हिला कशी ठाऊक नाही, याचं तिला नवल वाटलं असावं.

"सही केली की जातो," ती म्हणाली.